पावसाआधीची लाकडं

मे महिना. गोव्यातल्या आमोण्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लगबग सुरू आहे. सुक्या मासळीबरोबर न्हाणीघरासाठी लाकडंही भरायची असतात. सुक्या फांद्या वेचून भागतं तोवर काळजी नाही. भीती वाटते ती यंत्रकरवत घेऊन उभ्या-आडव्या झाडाला भिडणाऱ्या पोरांची.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने गोव्यात किती झाडं आडवी केली! आडवं झाड मेलेलं दिसतं, पण वाकलेल्या खोडात ताण दबा धरून असतो. दाबाच्या बाजूने कापलं तर करवत अडकते. ताणाच्या बाजूने एकदम कापलं तर खोड उसळून अंगावर येतं. कललेलं झाड मागून कापताना मध्येच उभं चिरतं. जाणता माणूस आधी पडायच्या बाजूला खाच घेतो, मागच्या कापात थोडं लाकूड बिजागरीसारखं राखतो, पळायची वाट मोकळी ठेवतो. पोखरलेल्या काजूच्या खोडात तर राखायला घट्ट लाकूडच नसतं.

गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार तोडीला परवानगी लागते. ती झाडासाठी. करवत धरणाऱ्याला काय येतं, हे कोण विचारतं? पंचायतीने पावसाआधी एक दिवस जाणत्यांकडून हे तंत्र पोरांना शिकवून घ्यावं. वीजतारांजवळच्या झाडाला मात्र वीज खात्याने प्रवाह बंद केल्याशिवाय कुणी हातच लावू नये.