बेताचे माप

आमच्या पिढीत पायताण पायाला बेताचे असे कधी घेतलेच जात नसे. जून उजाडला की बेळगावच्या खडेबाजारात जाऊन शाळेचे बूट घ्यावयाचे ते एक माप मोठे. पुढे कापसाचा बोळा कोंबावयाचा आणि दोन वर्षे काढावयाची. प्रार्थनेच्या रांगांमधून फिरताना असे फटक फटक वाजणारे बूट आम्हांस आजही ऐकू येतात, आणि त्यांत गैर काही वाटत नाही. चालण्यापुरते ते शहाणपणाचेच आहे. बर्फावर मात हा हिशेब लागू पडत नाही.

आमची धाकटी बहीण कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातील किचनर येथे असते. बर्फावरील हॉकीच्या स्केटमध्ये ज्या बाउअर नावाचा दबदबा आहे, तो कारखाना १९२७ साली याच गावात सुरू झाला. मे महिन्याच्या सुटीत आम्ही तेथे गेलो तेव्हा अकरा वर्षांच्या भाच्याने हॉकी सोडण्याचे ठरविले होते. गेल्या हंगामात त्याला चमूतून वगळले होते. ‘मामा, माझे घोटेच कच्चे आहेत,’ एवढेच तो सांगे, आणि तेही आपल्या पायांकडे पाहत. वगळण्यापेक्षा ही समजूत आम्हांस अधिक बोचली. शाळेत ‘माझे डोकेच कच्चे’ म्हणणारी मुले आम्ही थोडी पाहिलेली नाहीत.

एका शनिवारी त्याला दुकानात नेले. तेथील वयस्क विक्रेत्याने प्रथम जुनी जोडी मागितली. भाच्याचा पाय तीत घालून, टाचेमागे आपली दोन बोटे सहज सरकवून दाखविली. मग मुलाला अनवाणी एका पायावर उभे केले, घोटा निरखला आणि म्हणाला, ‘घोटे उत्तम आहेत. बूट दोन मापे मोठा आहे.’ टाच आत हलत राहिली की घोट्याला आधार मिळत नाही आणि पाय आतल्या अंगाला कलतो. दोष चामड्या-प्लास्टिकचा, शिक्षा पायाला! भाचा काही बोलला नाही. पण जुनी जोडी त्याने पायानेच बाकाखाली लोटली.

स्केटचे माप रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड अंकाने लहान असते. सरळ उभे राहता अंगठा टोकाला निसटता लागावा. गुडघे वाकविले की टाच मागे बसून तो सुटावा. मोजा पातळ आणि एकच. रुंदी वेगळी पाहावयाची. खोलीसाठीची युक्ती तर आमच्या मास्तरकीला फारच भावली: नाडी न आवळता पाय आत घालावा आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर आडवी पेन्सिल ठेवावी. ती दोन्ही कडांवर टेकली तर ठीक. पावलावरच अडून डुगडुगू लागली तर बूट उथळ. दोन जोड्या पेन्सिलीने नापास केल्या, तिसरी उत्तीर्ण झाली.

‘दादा, सहा महिन्यांत पाय वाढेल. अर्धे माप तरी मोठे घेऊ या,’ बहीण मराठीत पुटपुटली. तिचेही खरे होते. काही शे डॉलरांची वस्तू, आणि तिच्या बुटांतही लहानपणी कापूस आम्हीच कोंबलेला. पैशांचा प्रश्न मामाने मिटविला; मापाचा प्रश्न आम्ही मुलावर सोपविला. त्याने बेताचेच मागितले.

पुढचा प्रकार तर स्वयंपाकघरातला. ते बूट खास भट्टीत काही मिनिटे तापवितात आणि मऊ झाले की पायांत घालून नाडी बांधतात. ओढ सरळ पुढे हवी. बाजूला हिसडल्यास ऊन बुटातून भोकांच्या कड्या निसटावयाच्या. मग दहा-पंधरा मिनिटे गुडघे काटकोनात ठेवून स्वस्थ बसावयाचे, उभे राहावयाचे नाही. आमचा चंचल भाचा इतका निश्चल बसलेला आम्ही प्रथमच पाहिला. निवताना बूट घोट्याच्या उंचवट्यांनुसार आपला आकार घेतो.

नव्या पात्याला खेळण्याजोगी धार नसते, हेही तेथेच समजले. पात्याच्या तळाला मध्ये पन्हळीसारखी खाच घासतात, त्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन कडा निघतात. खाच खोल असेल तर बर्फ घट्ट धरला जातो, उथळ असेल तर घसरण सोपी होते. मुलाचे वजन विचारून त्याने अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची खाच दिली. घरी आल्यावर पाते कोरडे पुसून ठेवण्याचे काम भाच्याने कोणास करू दिले नाही.

जुनी जोडी बहिणीने विकली नाही. शेजारच्या मोठ्या पायांच्या मुलीला ती नेमकी बसली.

ऑक्टोबरात भाच्याचा फोन आला. चमूत घेतले की नाही हे विचारावयास आम्ही धजत नव्हतो. त्यानेच सांगितले, घेतले म्हणून. ‘आणि मामा, अंगठा अजून टोकाला लागतो, पण वाकलो की सुटतो.’ मागून बहिणीचा आवाज आला, ‘मार्चपर्यंत सुटू दे म्हणावे!’