पहिल्या दाराआधीची सही

अमेरिकेत घर घेणारा आणि त्याच्या बाजूने काम करणारा एजंट यांच्यातल्या लेखी कराराला ‘बायर एजन्सी करार’ म्हणतात. एजंट काय काम करील, त्याचे किती पैसे होतील आणि हे नाते किती दिवसांचे, हे त्यात ठरते. १७ ऑगस्ट २०२४ पासून, ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिएल्टर्स’ने केलेल्या तडजोडीनुसार, एमएलएस या घरांच्या सामायिक यादीवर काम करणाऱ्या एजंटला असा करार झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला घर दाखवता येत नाही. न्यू जर्सीच्या कायद्याने तर त्याच महिन्याच्या १ तारखेपासून लेखी करार बंधनकारक केला. नुसते ओपन हाउस बघून यायचे असेल, तर त्या तडजोडीप्रमाणे सही लागत नाही.

त्याआधी बहुतेक व्यवहारांत विकणारा किमतीच्या पाच-सहा टक्के कमिशन देई आणि साधारण निम्मा वाटा घेणाऱ्याच्या एजंटला जाई. त्यामुळे आपला एजंट फुकट मिळतो, असा घेणाऱ्याचा समज. प्रत्यक्षात पैसे घराच्या किमतीतूनच, म्हणजे त्याने आणलेल्या पैशांतूनच जात होते. या पद्धतीविरुद्ध घर विकणाऱ्यांनी दावा लावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटीतल्या ज्यूरीने त्यांना सुमारे १.८ अब्ज डॉलरची भरपाई मंजूर केली आणि मार्च २०२४ मध्ये असोसिएशनने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. घेणाऱ्याच्या एजंटला किती मिळणार, हे एमएलएसवर छापणे त्यानंतर बंद झाले.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घर शोधायला लागलो ते नवे नियम लागू झाल्यावर महिन्याभराने. पुण्यात दलाली बहुधा तोंडी ठरते, टक्का-दोन टक्के, आणि व्यवहार झाला की द्यायची. तीच सवय डोक्यात होती. पहिल्या घराच्या ड्राइव्हवेत, पाऊस भुरभुरत असताना, एजंटने फोन पुढे केला. पडद्यावर पिवळे चौकोन होते. एकेका चौकोनावर बोट टेकवत मी चार ठिकाणी सही केली, आणि मग दार उघडले. रात्री ईमेलवर प्रत आली तेव्हा कळले: तीन टक्के, सहा महिने, एक्स्क्लुझिव्ह.

यातले आकड्याचे कलम सर्वांत महत्त्वाचे. रक्कम किंवा टक्का करारात स्पष्ट लिहावा लागतो. ‘विकणारा देईल तेवढे’ असे मोघम चालत नाही. एजंटला कुणाकडूनही मिळून त्याहून जास्त घेता येत नाही. कमिशन कायद्याने ठरलेले नाही, ते बोलून कमी-जास्त करता येते, हे वाक्यही करारात ठळकपणे असावे लागते. आमच्या प्रतीत ते होते, सहीच्या वरच. विकणारा आजही हा खर्च उचलू शकतो, पण ते ऑफर देताना मागून घ्यावे लागते. सहा लाख डॉलरच्या घरावर तीन टक्के म्हणजे १८,००० डॉलर. विकणारा दोनच टक्के द्यायला तयार असेल, तर उरलेले ६,००० क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या दिवशी घेणाऱ्याच्या खिशातून जातात. हे पैसे सहसा गृहकर्जातही बसवता येत नाहीत, आणि डाउन पेमेंटसाठी पै-पै जमवणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम जड जाते.

एक्स्क्लुझिव्ह म्हणजे मुदतीत दुसऱ्या एजंटमार्फत घर घेतले, तरी पहिल्याचे कमिशन द्यावे लागू शकते. बऱ्याच करारांत मुदतीनंतरचेही कलम असते: एजंटने दाखवलेले घर करार संपल्यावर ठरावीक दिवसांत घेतले, तर त्याचा हक्क कायम. हे कलम रास्त आहे. अनेक शनिवार-रविवार राबणाऱ्या माणसाला डावलणे बरे नव्हे. मात्र दिवस मोजके असावेत आणि दाखवलेल्या घरांची यादी लेखी असावी. एजंटची फर्म विकणाऱ्याचेही काम पाहत असेल तर दोन्हीकडच्या एजन्सीला संमती मागतात. तेव्हा भावाच्या घासाघिशीत पूर्णपणे आपल्या बाजूने बोलणारे कुणी उरत नाही, म्हणून तो परिच्छेद वेगळा वाचावा.

तीन आठवड्यांत आमच्या एजंटने फोन उचलणे बंद केले. न्यू जर्सीत करार तपासून नामंजूर करायला वकिलाला तीन कामकाजी दिवस मिळतात, ते घराच्या विक्रीकरारासाठी. एजंटशी केलेल्या कराराला ती सवलत नाही. सुटकेची वाट वेगळी होती. करार कागदोपत्री एजंटशी नव्हे, त्याच्या ब्रोकर फर्मशी असतो. मी फर्मला लेखी पत्र दिले. सोबत न उचललेल्या फोनच्या तारखा आणि पाहिलेल्या चार घरांचे पत्ते जोडले. नऊ दिवसांनी सुटकेचा कागद आला. त्या चार घरांवर मात्र साठ दिवस त्यांचा हक्क राहिला.

दुसरा करार आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर, छापील प्रतीवर केला. अडीच टक्के, तीस दिवस, दोन्ही बाजूंना लेखी सूचनेने मोकळे होण्याची मुभा. आधी छापलेला तीनचा आकडा नव्या एजंटने स्वतःच पेनाने खोडला आणि शेजारी आम्ही तिघांनी आद्याक्षरे घातली.