हेक्टरी पाच हजार

२०२३ च्या खरिपात कापूस नि सोयाबीन घेणाऱ्याला हेक्टरी ५,००० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंतच, असं सरकारनं २०२४ च्या जूनमधल्या बजेटात जाहीर केलं. कारण भाव पडले होते. दोन वर्षांआधी कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेलेला आम्ही पाहिला होता. २०२३ ला लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० आणि दारात येणारा व्यापारी त्याच्याही खाली मागत होता.

आमचा कापूस १ हेक्टर ६० आर. म्हणजे ८,००० रुपये. पिकला २० क्विंटल. वेचणी किलोला १० रुपये, म्हणजे २० हजार निव्वळ वेचणीचे. बियाणं, खत, फवारणी, निंदण वेगळं. मदत आली तरी निम्मी वेचणीही निघत नव्हती. तरी सोडवत नाही. तेवढ्यात हरभऱ्याचं बियाणं येतं.

माझे वडील एकाधिकार खरेदीच्या काळातले. १९७२ ला ती योजना आली. केंद्रावर बंड्यांची रांग लागायची, रात्र रात्र तिथंच मुक्काम. चुकारा उशिरा मिळायचा, पण तो कापसाच्या वजनाचा नि प्रतीचा असायचा. ही मदत मात्र जमिनीवर मोजलेली. आणि जमीन म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव.

ई-पीक पाहणी मी मोबाईलवर वेळेत केली होती. आधारचं संमतीपत्र घेऊन गेलो तर कळलं, खातं सामायिक आहे, दुसऱ्या खातेदाराचं ना हरकत पत्र लागेल. आई-वडिलांमागं सातबाऱ्यावर दोनच नावं, माझं नि धाकट्या बहिणीचं. ती लग्नापासून दिव्याला.

गावात दोघा-तिघांनी सल्ला दिला, "जातोच आहेस तर हक्कसोडपत्रावरही सही घेऊन ये. एका खेपेत दोन कामं."

अकोल्याहून रात्रीची गाडी, कल्याणला उतरून लोकल. रविवार होता तरी दिव्याला डब्यातून बाहेर पडताना चष्मा हातात धरावा लागला. बहीण रोज याच गर्दीत ठाण्याला स्वयंपाकाच्या कामाला जाते. तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली, खाली पाण्याचा टँकर लागलेला.

जेवण झाल्यावर तिनं कागद पुरा वाचला. मग म्हणाली, "भाऊ, पैशाची मले हरकत नाही. तूच कसतं, तूच घे. पण हक्कसोडचा कागद आणला असशीन तं तो पिशवीतच राहू दे."

"नाही आणला," मी म्हणालो. खरंच आणला नव्हता.

"अठी खोली भाड्याची. तठी एका कागदावर माझं नाव हाये, ते राहू दे."

तिनं सही केली. पोरगी असताना ती शाळेआधी पहाटे माझ्याबरोबर वेचणीला यायची, कमरेला ओटी बांधून. तिची ओटी माझ्याआधी भरायची. ती एवढंच मागत होती की नाव खोडू नको. मला त्यात वावगं वाटलं नाही.

सप्टेंबर अखेरपासून वाटप सुरू झालं. माझे ८,००० जमा झाले. हरभरा पेरला.

आमच्या धुऱ्याला लागून एकजण मक्त्यानं शेती करतो. मालक शहरात, वर्षातून एकदा मक्ता न्यायला येतो. पेरणी, फवारणी, रानडुकरांची राखण सगळं याचं. भाव पडला तोही यालाच पडला. पैसे मालकाच्या खात्यात गेले. यानं मला विचारलं, "काका, माह्याकडून कोणता कागद लागत होता?"

मी आठवून पाहिलं. बहिणीचं नाव कागदावर होतं, म्हणून तिला विचारायला मी दिव्यापर्यंत गेलो. याच्याकडून कोणताच कागद लागत नव्हता.