साठ मिनिटं

काल रात्री डॉसबॉक्सवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' टाकला. जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये ॲपल टू साठी लिहिलेला हा गेम. धाकट्या भावाला पळायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या म्हणे!

आमच्याकडे होता डॉसवाला, काकांच्या जुन्या ४८६ वर. उड्या मी मारायचो, दादा "अरे शिफ्ट दाब, शिफ्ट!" म्हणून ओरडायचा. बाराव्या लेव्हलला आपलीच सावली तलवार उपसून येते. तिला मारलं की आपलाही जीव कमी होतो. कितीदा मेलो! तलवार म्यान करायची, हे शेवटी दादालाच सुचलं.

घराच्या वाटणीवरून आठ महिने आम्ही बोललेलो नाही. काल त्याच सावलीचा स्क्रीनशॉट पाठवला. दोन निळ्या टिका. मग बऱ्याच वेळाने, "किती मिनिटं उरलीत?"