विचारा, माझं मत विचारा!

या परीक्षेत तुमचं मत बरोबर की चूक, हे कुणी तपासतच नाही! भेटेल त्याला मी सध्या हेच सांगत सुटले आहे. वॉर्डात सांगितलं, मेसमध्ये सांगितलं, घरी आईला फोन करून सांगितलं. आयईएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेतला तिसरा भाग, ज्याचं नाव काढलं तरी आमच्या अर्ध्या स्टाफच्या पोटात गोळा येतो, तो इतका मोकळाढाकळा आहे, इतका आपल्या ओळखीचा आहे, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आता कळलंय, आणि कधी एकदा सगळ्यांच्या कानावर घालते असं झालंय.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो आयईएलटीएसचा द्यायचा असेल तर ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ७ बँड हवेत, लिहिण्यात ६.५. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज अशा तिघांची ही परीक्षा १९८९ पासून चालू आहे. त्यातलं बोलणं फक्त ११ ते १४ मिनिटांचं. समोर परीक्षक, आणि जे बोलाल त्याचं रेकॉर्डिंग. आधी घर, काम, आवडीनिवडी अशा साध्या गप्पा. मग हातात एक कार्ड येतं, तयारीला १ मिनिट मिळतं आणि त्या विषयावर १ ते २ मिनिटं एकटीनं बोलायचं. इथपर्यंत सगळे तरून जातात. नंतरची ४-५ मिनिटं मात्र मतांची. कार्डावर 'तुम्हाला आदर वाटतो अशी एक वयस्कर व्यक्ती' असेल, तर परीक्षक पुढं विचारणार: म्हाताऱ्या माणसांना सांभाळण्याची जबाबदारी कुणाची, कुटुंबाची की सरकारची? तरुण मंडळी वडीलधाऱ्यांचा सल्ला पूर्वीपेक्षा कमी घेतात का? आणखी ५० वर्षांनी हे सगळं कसं असेल?

म्हणजे बोलणं 'मी'वरून एकदम 'समाज'वर जातं, आणि आपली जीभ टाळ्याला चिकटते. का चिकटते? इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. आपण उत्तर शोधायला लागतो म्हणून! दहावीपासून आपल्याला अपेक्षित प्रश्नसंच आणि त्यांची आदर्श उत्तरं यांचीच सवय. प्रश्न आला की त्याचं एक बरोबर उत्तर कुठंतरी छापलेलं असणार, आणि ते आपल्याला आठवलं पाहिजे, हे इतकं अंगात मुरलंय की साधं 'तुम्हाला काय वाटतं?' विचारलं तरी आपण मनात पानं उलटायला लागतो.

तर, बोलण्याचे गुण कसे देतात याचा तक्ता उघड आहे. कुणीही वाचावा. मी तो नाइटला दोनच्या राऊंडनंतर, नर्सिंग स्टेशनच्या दिव्याखाली ओळ न ओळ वाचला आणि माझी झोपच उडाली. चार रकाने आहेत: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चारही सारख्या वजनाचे. बस्स! मत शहाणपणाचं आहे का, माहिती खरी आहे का, परीक्षकाला ते पटलं का, यासाठी रकानाच नाही. म्हाताऱ्यांना सरकारनं सांभाळावं म्हणा की लेकरांनी, दोन्हीला गुण सारखेच पडू शकतात. गुण आहेत ते 'का' या प्रश्नाशी तुम्ही किती वेळ, किती नीट झगडता त्याला.

त्याच तक्त्यातलं आणखी एक वाक्य तर मी माझ्यासोबत तयारी करणाऱ्या मैत्रिणीला उठवून वाचून दाखवलं. वरच्या, म्हणजे ८ बँडच्या रांगेत लिहिलंय की तिथला माणूसही बोलताना अडखळतो, पण बहुतेक वेळा काय बोलावं याचा विचार करण्यासाठी, क्वचितच शब्द किंवा व्याकरण शोधण्यासाठी. वाचलंत ना? विचार करायला थांबणं चालतं! उत्तम बोलणारी माणसं तशीच थांबतात. प्रश्न संपायच्या आत तोंड उघडलंच पाहिजे, ही धास्ती आपण आपल्याच डोक्यात भरून घेतलेली. 'यावर मी कधी विचार केला नव्हता, पण आता विचारलंत म्हणून सांगते' असं म्हणून सुरुवात केली तरी ते अगदी अस्सल बोलणं झालं. ७ बँडच्या रांगेत तर व्याकरणाच्या थोड्या चुका राहतात हे चक्क मान्य केलेलं आहे. बिनचूक वाक्यं वरचेवर यावीत, एवढंच. आणि ज्या 'फर्स्टली', 'मोरओव्हर', 'इन अ नटशेल'च्या याद्या लोक घोकत बसतात, तसल्या जोडशब्दांचा अतिवापर ही खालच्या, ५ बँडच्या रांगेतली खूण म्हणून नोंदवली आहे!

आता यातला मला सगळ्यात भावलेला भाग सांगते. ते प्रश्न मुद्दाम तसे का विचारतात, ते. वरवर बघितलं तर हे म्हातारपण, पर्यटन, जाहिराती, शाळा असे कुठलेही विषय वाटतात. पण प्रत्येक प्रश्न तुमच्या तोंडून एक वेगळं व्याकरण बाहेर काढायला बसलेला असतो. पूर्वी आणि आता यांची तुलना करायला लावली की भूतकाळ यावाच लागतो, 'यूज्ड टू' आपोआप येतं. पुढं काय होईल विचारलं की 'विल', पण ठामपणे नाही, 'प्रॉबब्ली', 'माइट' असं सांभाळून. सरकारनं काय करावं म्हटलं की 'शुड'. आणि 'सगळ्यांनाच फुकट उपचार मिळाले तर?' असं काही आलं की जर-तरची ती लांबलचक वाक्यं, 'इफ' आणि 'वुड'वाली. मी प्रश्नांचा एक गठ्ठा घेऊन बसले आणि कडेला नुसतं लिहीत गेले: हा तुलनेचा, हा कारणाचा, हा भविष्याचा, हा जर-तरचा. विषय शेकडो, पण प्रश्नांचे साचे पाच-सहाच! मग उत्तरं पाठ कशाला करायची? शिवाय पाठ केलेलं परीक्षकाला लगेच कळतं. आवाज सपाट होतो, नजर वर जाते, आणि पुढचा उपप्रश्न आला की गाडी रुळावरून घसरते. तिसऱ्या भागात परीक्षकाला आपल्या उत्तरावरून पुढचा प्रश्न काढायची मुभा असते. तो मधेच तोडतो, 'पण असं नाही का वाटत तुम्हाला?' म्हणतो, तो रागानं नाही. तुम्ही आणखी किती उंच जाता ते त्याला बघायचं असतं. प्रश्न अवघड होत गेले तर खूश व्हावं!

आणि हे सगळं आपल्याला येतं. खरंच येतं! मला हे कळलं ते आमच्या वॉर्डातल्या मावशींमुळं.

चहाच्या वेळी मी सहज त्यांना तोच प्रश्न मराठीत टाकला, म्हाताऱ्या माणसांना कुणी सांभाळायचं म्हणून. मावशी बादली बाजूला ठेवून म्हणाल्या, "लेकानंच सांभाळाय पायजे, दुसरं कोण? पण लेक पुण्याला कंपनीत आसंल तर त्यानं तरी काय करायचं ओ सिस्टर, रजा किती देत्यात त्येला? आता आमच्या गल्लीतल्या म्हातारीचंच बघा. तीन लेकं, चार-चार म्हैनं वाटून घेत्यात तिला. औषधं एकाकडं, कागदं दुसऱ्याकडं. मग बीपी वाढली की हितं आणत्यात. म्हणून म्हंते, सांभाळावं लेकानंच, पर गोळ्या तरी सरकारनं गावच्या दवाखान्यात भरून ठेवाव्यात."

मी चहा तसाच धरून बसले. मत, त्याला लगेच अडवणारा 'पण', शेजारचं जितंजागतं उदाहरण, त्या उदाहरणातून निघालेला परिणाम, आणि शेवटी पहिल्या मताला घातलेली मुरड. यापेक्षा चांगलं उत्तर मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. मावशींना कुणी सुसंगती शिकवली नाही. त्या नुसत्या मनापासून वाद घालत होत्या, पारावर घालतात तसा, एसटीत घालतात तसा. आपल्याकडं शास्त्रार्थातसुद्धा आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मग आपलं म्हणणं. समोरच्याची बाजू स्वतःच बोलून दाखवायची ही रीत आपल्या मातीतली आहे. परीक्षेच्या खोलीत शिरताना ती आपण दाराबाहेर का ठेवतो, हेच मला कळेना.

त्याच दुपारी मी मावशींचं म्हणणं इंग्रजीत बोलून बघितलं. भाषांतर नाही हं, त्या वाटेला जाऊच नये. मराठी वाक्य धरून ठेवलं की इंग्रजी लंगडतं, क्रियापद शेवटी येऊन बसतं. फक्त टप्पे लक्षात ठेवले आणि हाताशी असलेल्या साध्या शब्दांत म्हणत गेले: 'मेनली द फॅमिली, आय थिंक. बट इट्स नॉट ऑलवेज पॉसिबल, बिकॉज मेनी सन्स अँड डॉटर्स वर्क इन बिग सिटीज.' मग उदाहरण. इथं तर नर्सकडं खजिनाच आहे! भेटायच्या वेळेत खाटेभोवती उभे असलेले नातेवाईक आठवा. कोण डबा आणतो, कोण नुसता फोनवर विचारतो, कोण डिस्चार्जच्या दिवशी गायब असतो. नावगाव न सांगता त्यातलं एक उचललं की उत्तराला हाडामांसाचं वजन येतं. आणि उदाहरण सांगताना भूतकाळ आपोआप आला, तो निष्कर्षापाशी वर्तमानात वळला, शेवटी 'शुड' आलं. एका उत्तरात इतकं व्याकरण, आणि मी त्याचा विचारही केला नव्हता!

शब्द अडला तर? त्याचंही उत्तर त्याच तक्त्यात आहे, आणि आम्हा मिरजेच्या नर्सेसना ते पाठच आहे म्हणा ना. आमच्याकडं अथणी, चिकोडीकडचे पेशंट येतात. कन्नड शब्द सुचला नाही म्हणून आम्ही कधी गप्प बसतो का? 'उपाशीपोटी' सांगायचं असेल तर 'सकाळी उठून, चहाच्या आधी, काही न खाता' असं वळसा घालून सांगतोच की. असाच वळसा इंग्रजीत घालता येणं हे ७ बँडच्या शब्दसंपत्तीचं लक्षण म्हणून दिलेलं आहे! वृद्धाश्रमाला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी नाही आठवलं, तर 'अ प्लेस व्हेअर ओल्ड पीपल लिव्ह टुगेदर अँड समवन टेक्स केअर ऑफ देम' म्हणावं. ते वाक्यही गुण कमावून देतं.

एका गोष्टीकडं मात्र बारीक लक्ष द्या, कारण तिथं आपण हमखास निसटतो. आपण फार ठोक बोलतो. 'आजची पिढी वडीलधाऱ्यांचं ऐकतच नाही', संपलं! चहाला हे चालतं, पण परीक्षेत असं वाक्य स्वतःच दार लावून घेतं, त्यापुढं बोलायला काही उरत नाही. त्याऐवजी 'बरेच तरुण', 'निदान शहरांत तरी', 'पैशाच्या बाबतीत नाही, पण लग्नाच्या बाबतीत अजून ऐकतात' असं म्हटलं की आणखी तीन वाक्यांना जागा होते. कोणते तरुण, कुठले, कशाच्या बाबतीत, कधीपासून, एवढं स्वतःलाच विचारत जायचं. मैत्रीण आणि मी आता एकमेकींना अशाच अडवतो. एकीनं ठोक वाक्य टाकलं की दुसरी नुसतं 'सगळेच?' म्हणते. झालं, की पहिलीला आणखी पाऊण मिनिट बोलावं लागतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकतो. आठवडाभर आधीचं आणि कालचं लागोपाठ लावलं तेव्हा दोघी एकमेकींकडं बघतच राहिलो. आधी दोन वाक्यांत शांतता, आणि काल? काल तिलाच मला थांबवावं लागलं!

रविवारच्या पुरवण्या, बसमधली कुरबुर, व्हॉट्सअ‍ॅपवरची भांडणं, आता मला सगळीकडं तिसरा भागच दिसतो. गावच्या जत्रेत डीजे असावा का? मुलांना मोबाइल कितव्या वर्षी द्यावा? डॉक्टरांची फी वाढली की दर्जाही वाढतो का? प्रत्येक बातमीला मी मनात 'का?' आणि 'सगळेच?' अशी दोन टाचणं लावते आणि जिन्यात, लिफ्टमध्ये, कपडे वाळत घालताना इंग्रजीत पुटपुटते. मत नाही असा एकही विषय मला अजून सापडलेला नाही. तुमचंही तसंच असणार. विचारून बघा स्वतःला!

आज आमची दोघींची इव्हिनिंग आहे आणि ठरलेला प्रश्न आहे भविष्याचा: पुढं रुग्णालयांत माणसांची कामं यंत्रं करतील का? मैत्रीण 'हो'च्या बाजूनं, मी 'नाही'च्या, आणि अर्ध्यावर बाजू बदलायच्या. मावशींनी हँडओव्हरच्या आधीच आपलं मत सांगून टाकलंय: "यंत्र बीपी मोजंल, पर म्हातारी जेवली न्हाई ह्ये त्येला कोण सांगणार?" हे मी आज उचलणार आहे, 'इट डिपेंड्स ऑन द टास्क' म्हणून सुरुवात करून.