बातमीतला कर्ता

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले पूर्वी डी.एड., अभियांत्रिकी किंवा स्पर्धा परीक्षांच्या वाटेने जात. अलीकडे काही मुले-मुली महाविद्यालयात वृत्तपत्रविद्येकडे वळू लागली आहेत. सुट्टीत भेटायला येताना ती बातमीलेखनाच्या तासाला लिहिलेले कागद सोबत आणतात. मी इतिहासाचा शिक्षक. ते कागद पुराव्याच्या नजरेने वाचतो. त्या वाचनातून जे उमगले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

आपल्या मुलांच्या सुरुवातीच्या बातम्यांत बहुधा भाषण असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची बातमी 'प्रचंड जनसमुदायाच्या साक्षीने' सुरू होते आणि तीन परिच्छेद उलटले तरी कार्यक्रम कुठे झाला, हे समजत नाही. सभा ऐकतच आपण वाढलो, त्यामुळे वक्तृत्व आपल्या अंगवळणी पडले आहे. बातमीची शिस्त मात्र निराळी. कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे या प्रश्नांतील महत्त्वाच्यांची उत्तरे पहिल्या एक-दोन वाक्यांतच हवीत. उरलेला तपशील उतरत्या महत्त्वाने खाली यावा. जागा अपुरी पडली की उपसंपादक बातमी शेवटाकडून कापतो. म्हणून 'प्रचंड' हा शब्द खोडावा, खुर्च्यांच्या रांगा मोजाव्यात आणि नावे ज्याची त्याच्याकडून लिहून घ्यावीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मराठीत कर्ता लपवणे फार सोपे. 'वस्तीचे पाणी बंद करण्यात आले' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण पाणी बंद कोणी केले? आपली एक माजी विद्यार्थिनी अशीच बातमी लिहून माझ्याकडे आली होती. संताप खरा होता, विशेषणेही भरपूर होती. मी तिला तीनच प्रश्न विचारले : कोणाच्या सांगण्यावरून? कोणत्या तारखेपासून? ग्रामसेवकाचे म्हणणे काय? ती पुन्हा त्या गावी गेली. घरोघरी बायकांशी बोलली, तक्रार अर्जावरील तारीख उतरवून आणली, ग्रामसेवकालाही भेटली. तिचा दुसरा मसुदा पहिल्याच्या निम्मा होता, त्यात एकही विशेषण नव्हते. तरी तो वाचून मन अधिक अस्वस्थ झाले. कर्ता लिहायचा तर पुरावा हवा. पुरावा नसेल, तर आरोप कोणी केला ते लिहावे आणि ज्याच्यावर केला, त्याचेही म्हणणे घ्यावे. केवळ ऐकीव आहे म्हणून खरे मानू नका, ही कालाम सुत्ताची शिकवण बातमीदाराने रोज आचरावी अशी आहे.

ही वाट आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी 2500 रुपयांचे साहाय्य दिले. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, 3 एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. त्यातील बराचसा मजकूर ते स्वतः लिहीत. पुढे 1930 मध्ये 'जनता' आणि 1956 मध्ये 'प्रबुद्ध भारत' आले. आपली हकिकत आपण नोंदवली नाही, तर ती इतरांच्या सोयीने नोंदवली जाते, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

'आमची भाषा शुद्ध नाही' ही भीती अनेक मुले बोलून दाखवतात. त्यांना माझे सांगणे असे की, ऱ्हस्व-दीर्घ शब्दकोश जवळ ठेवून सरावाने येते. रोज एकच बातमी तीन वृत्तपत्रांत वाचावी, कोणी काय वर घेतले आणि काय गाळले ते वहीत टिपावे, आपला मसुदा मोठ्याने वाचून पुन्हा लिहावा आणि तो ठरल्या वेळेत द्यावा. वस्तीत पाणी किती वाजता येते, रेशन दुकानदार कोणत्या दिवशी दार उघडत नाही, हे मात्र कोणताही अभ्यासक्रम शिकवत नाही. ते ज्ञान घेऊनच आपली मुले वर्गात बसलेली असतात. ते त्यांचे भांडवल आहे.

पालकांना विनंती की, घरी एक वृत्तपत्र अवश्य घ्यावे आणि मुलांकडून ते वाचून घ्यावे. जे माजी विद्यार्थी आज वृत्तपत्रांत वा वाहिन्यांत काम करीत आहेत, त्यांनी महिन्यातून एक तास काढून आपल्या धाकट्या भावंडांचे मसुदे लाल शाईने तपासून द्यावेत. विद्यालयाला यापेक्षा मोलाची देणगी क्वचितच मिळेल.