कागदातली खिडकी

भेंडीचं देठाकडचं टोक आडवं कापलं की आत पाच पाकळ्यांचं फूल आयतंच मिळतं. कोरायला काही लागत नाही. त्या कापावर तांबडा पोस्टर कलर लावायचा, कागदावर अलगद टेकवायचा आणि सरळ वर उचलायचा. हात जरा तिरपा झाला की पाकळ्या फरपटतात. मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी चित्रकलेच्या तासाला हे ठसेकाम केलेलं असतं. भेंडी, अर्धा बटाटा, आडवा चिरलेला कांदा, पिंपळाचं पान. बटाट्यावर नक्षी कोरली की तो आधी फडक्यावर टिपून घ्यावा लागतो, नाहीतर त्याला सुटलेलं पाणी रंगात मिसळतं आणि कडा फुटतात. शाळा सुटली की बहुतेकांचं हे सगळं मागे पडतं. माझं पडलं नाही. नवरात्र उठलं की आजही आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद, कात्र्या, शाईची पॅडं आणि स्टेन्सिलं पसरतात आणि दिवाळीची कार्डं घरातून निघेपर्यंत ती तिथून हलत नाहीत.

सुरुवात कागदापासून करावी, कारण पुढचं सगळं काम कागद ठरवतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालची. तिथला सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद उजेडासमोर धरला तर आतले तंतू दिसतात, कुठे दाट, कुठे विरळ. यंत्रावरच्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला धावतात, म्हणून त्याची घडी एका अंगाने सुरेख पडते आणि दुसऱ्या अंगाने तडकते. हातकागदाचे तंतू चहूकडे पसरलेले. घडी कुठूनही घाला. ठशाला हा कागद फार मानवतो. शाई पितो, कडा किंचित मऊ करतो. डायला मात्र तो चालत नाही. बारीक नक्षीची डाय त्याच्यातून गेली की कडांना लव येते. तिथे गुळगुळीत, दोनशे-सव्वादोनशे जीएसएमचा कार्डशीटच हवा. बोहरी आळीत कागद घेताना मी म्हणूनच आधी सांगते, हा ठशाला, हा कटिंगला.

डाय म्हणजे पातळ पोलादी साचा, एका बाजूने धारदार. खाली प्लेट, तिच्यावर कागद, कागदावर धार खाली करून डाय, वर आणखी एक प्लेट. ही चवड दोन रुळांच्या मधून हँडल फिरवत न्यायची. प्लेटा कडकडतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी मोडलं. काही मोडत नाही, कागद कापला जातो. बारीक जाळीत तो अडकून बसतो, तेव्हा डायच्या पाठीवरच्या छिद्रांतून टाचणीने एकेक कपचा ढकलून काढायचा. आधीच मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवला असेल तर नक्षी लवकर सुटते. हे काम घाईचं नाही. मोराच्या पिसाऱ्यातले ते मोहरीएवढे तुकडे काढता काढता दुपार कलते, आणि मला ती दुपार फार आवडते.

कागद सुटला की टेबलावर दोन गोष्टी असतात: एक मोर आणि एक मोराच्या आकाराची खिडकी. दोन्ही कामाला येतात. मोर एका कार्डावर चिकटतो. खिडकी दुसऱ्या कार्डावर बसते, मागे जांभळा किंवा सोनेरी कागद लावून. माझ्या ओळखीच्या दोन बहिणी दोन गावांत असतात. एकीला मोर जातो, दुसरीला त्याची खिडकी. दिवाळीत माहेरी आल्या की त्या दोन्ही कार्डं जुळवून बघतात.

माझी भाची एकदा शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आत्या, पण हे तू काढलंयस कुठे? हे तर साच्यातून आलंय." हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. दारातली रांगोळी छाप्याने काढली की आजही कुणीतरी नाक मुरडतं. ठिपके मोजून काढली तीच खरी, म्हणतं. मला हे मान्य नाही. साचा म्हणजे कष्ट चुकवणं, असं वाटणाऱ्याने एकदा साचा कापून बघावा.

व्रजात पितृपक्षात सांझी नावाची चित्रनक्षी घालतात. वृंदावनच्या मंदिरांत ती कोरड्या रंगांची असते, कागदाच्या साच्यांतून चाळलेली. एका चित्राला अनेक साचे लागतात; झाडांचा वेगळा, गाईंचा वेगळा, कृष्णाच्या वस्त्रांचा वेगळा. ते एकाच जागेवर एकामागून एक नेमके बसले पाहिजेत. जपानात, मिए प्रांतातल्या सुझुका भागात, किमोनोच्या कापडासाठी कागदी साचे कापतात. त्यांना इसे-कातागामी म्हणतात. तुतीच्या सालीच्या कागदाचे थर पर्सिमन फळाच्या रसाने एकमेकांना चिकटवायचे, वाळवायचे, धुराला लावायचे आणि मग त्यावर पाती चालवायची. नक्षी नाजूक असेल तर साच्याचे दोन थर सोडवून त्यांच्या मध्ये रेशमाचे धागे ताणून बसवायचे, म्हणजे तुकडे जागच्या जागी राहतात. धागा इतका बारीक की कापडावर त्याची रेघ उठत नाही. साच्यामागे एवढा विचार असतो.

या रेशमी धाग्यांची आठवण मला देवनागरी कापताना हटकून होते. 'दिवाळी' हा शब्द जाड कागदावर लिहा आणि बाहेरच्या रेषेने कापा. सगळी अक्षरं शिरोरेषेला लटकतात आणि शब्द अखंड हाती येतो. रोमन अक्षरं एकेक सुटी होतात, एकेक चिकटवावी लागतात. आपल्या लिपीने ही सोय आधीच करून ठेवलेली आहे. 'शुभेच्छा' मात्र दगा देतो. 'भ'च्या डोक्यावरची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, त्यामुळे 'शु' एकीकडे जातो आणि 'भेच्छा' दुसरीकडे. 'थ' आणि 'ध' यांचंही तेच. मग 'भ'ची गाठ मागच्या अक्षराला जरा टेकेल अशा बेताने लिहायची. 'अभिनंदन'चा अनुस्वार तर हमखास सुटा पडतो. तिथे फायलीच्या पंचने पाडलेली टिकली लावायची.

'दिवाळी' हाच शब्द स्टेन्सिलला घेतला की सगळं उलटतं. शिरोरेषा म्हणजे एक लांबलचक फट. कागद तिथे लुळा पडतो. 'व'च्या पोटातला गोल गळतो, वेलांटीच्या कमानीखालचा तुकडा गळतो. म्हणून जागोजागी कागदाचे पूल सोडावे लागतात. आंब्याच्या लाकडी पेट्यांवर साच्यातून मारलेली अक्षरं कधी थांबून पाहा. शिरोरेषा मध्येच तुटलेली दिसते. ती कापणाऱ्याची कसूर नव्हे. ते पूल सोडले म्हणून साचा हंगामभर टिकला. आणि ठशासाठी खोडरबर कोरायचं तर अख्खा शब्दच उलटा. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने लिहून तो खोडरबरवर पालथा घासला की उलटी अक्षरं आपोआप उतरतात. मग ब्लेड चालवताना शब्द वाचायचा नाही, नुसता आकार बघायचा.

आणि इतकं नेमकं कोरूनही दोन ठसे कधी सारखे येत नाहीत. पॅडवर शाई किती घेतली, बोटाचा दाब कुठे जास्त पडला, कागद किती कोरडा होता, सगळं त्यात उतरतं. स्टेन्सिलचा ब्रश आखूड केसांचा, सपाट तोंडाचा असतो. रंग घेतल्यावर तो जुन्या कापडावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टेकवायचा, मग उभा धरून कडेकडून मध्याकडे थापटत यायचं. रंग ओला राहिला की साच्याखाली झिरपतो. नीट जमलं तर पाकळी कडेला गडद आणि आत फिकी होत जाते. ती छटा साच्यात कुठेच नसते.

छापील कार्डांतही हात असाच मिसळलेला दिसतो. विकायला छापलेलं पहिलं नाताळकार्ड लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली काढलं. पेनी पोस्ट सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती, पत्रांचा ढीग पडत होता, प्रत्येकाला उत्तर लिहिणं होत नव्हतं. चित्र जॉन कॉलकॉट हॉर्सली यांचं, किंमत एक शिलिंग. कार्ड लिथोवर छापलं, पण रंग हातांनी भरले. पुढे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावी, एस्थर हाउलंड नावाच्या तरुणीने इंग्लंडहून जाळीदार कागद आणि कापीव रंगीत चित्रं मागवून व्हॅलेंटाइन कार्डं करायला घेतली. घरातच मैत्रिणी जमवल्या. एक चित्रं कापायची, एक जाळी बसवायची, एक चिकटवायची. कार्डाच्या पाठीवर लाल 'एच' अक्षर असायचं. आपल्याकडच्या संक्रांतीच्या कार्डावर तिळगुळाची किंवा हलव्याची इवलीशी पुडी चिकटवलेली असायची. पोस्टाच्या शिक्क्याखाली कधी तिचा भुगा व्हायचा, तरी तो भुगा आम्ही वाटून खायचो. ती पुडी कुणीतरी हातानेच भरलेली असायची. साचा आणि हात यांचं भांडण आपण लावलं आहे. कार्डाच्या इतिहासात ते दिसत नाही.

भाचीला मी हा इतिहास सांगितला नाही. तिला मी एका काकांचं कार्ड करताना जवळ बसवलं. आमच्या जुन्या वाड्यातले हे काका. त्यांची दृष्टी आता गेली आहे. त्यांच्यासाठी 'दिवाळी' हा शब्द एकाच डायने पाच वेळा कापायचा आणि थरावर थर चिकटवायचा. एका डायचे थर कडेला कड लावून बसतात. कात्रीने कापलेले कितीही जपलं तरी असे बसत नाहीत. वर आलेल्या अक्षरांवर काका बोट फिरवतात. आधी शिरोरेषा शोधतात, मग तिच्यावरून उजवीकडे सरकत प्रत्येक अक्षरापाशी खाली उतरतात आणि 'ळ'ची गोलाई लागली की शब्द मोठ्याने म्हणतात. हे मी नुसत्या हाताने काढलं असतं तर त्यांच्यापर्यंत पोचलंच नसतं. भाचीने तिसरा थर स्वतः चिकटवला. कार्ड द्यायलाही ती माझ्याबरोबर आली.

यंदा तुम्हीही एखादं कार्ड करा. यंत्र लागत नाही. खोडरबर, ब्लेड, शाईचं पॅड आणि चांगला कागद पुरतो. कुणाला पाठवायचं ते आधी ठरवा, नक्षी मग सुचते. थर चढवले असतील तर ते कार्डाच्या डाव्या, खालच्या बाजूला ठेवा, कारण तिकीट उजवीकडे वर असतं आणि शिक्का तिथेच बसतो. पाकिटात एक पुठ्ठा सरकवा, पिनकोड ठळक लिहा आणि दिवाळीच्या निदान आठवडाभर आधी पेटीत टाका.